चर्चच्या भिंतीवर कवीची पाटी लावायचीय? मग दगड सगळ्यात शेवटी घ्या

सुरुवात आमच्या चुकीपासूनच करतो. इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहायला आलो आणि वर्षभरात तिथल्या चार-पाच जणांच्या टोळक्यात कधी ओढला गेलो कळलंच नाही, सगळे एका कवयित्रीच्या प्रेमात, बाई गावच्या शाळेत शिकवायच्या, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि उरलेल्या वेळात कविता लिहायच्या, जाऊन बरीच वर्षं झाली पण गावातल्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहेत. तर त्यांच्या नावाची एक पाटी पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, लावायची असं ठरलं. ठरलं त्याच महिन्यात आमच्यातल्या एकानं उत्साहाच्या भरात दगड कोरूनच आणला, काळा ग्रॅनाइट, आरशासारखं पॉलिश, वर सोनेरी अक्षरं. तो दगड आज त्याच्या गराजमध्ये भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याच्यावर सायकलचा पंप ठेवतात.

पाटी शेवटी लागली, पण दुसऱ्या दगडावर, दुसऱ्या मजकुराची, आणि दीड वर्षानं. त्या दीड वर्षात जे शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, कारण इकडे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी दोघा-तिघांनी विचारलं की असं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा, ती भिंत तुमची नाही, व्हिकरची पण नाही

आपल्याला वाटतं की व्हिकरसाहेब, म्हणजे त्या चर्चचे पाद्री, हो म्हणाले म्हणजे झालं. नाही होत. चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिश चर्चमध्ये खिळा ठोकायचा म्हटलं तरी नियम आहेत, आणि भिंतीवर कायमची पाटी लावायची तर 'फॅकल्टी' लागते. कॉलेजातली फॅकल्टी नव्हे, ही म्हणजे डायोसिसच्या (एका बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) कोर्टानं दिलेली लेखी परवानगी. हो, कोर्टच. कन्सिस्टरी कोर्ट म्हणतात, आणि तिथल्या न्यायाधीशाला चॅन्सेलर म्हणतात. सगळा कारभार २०१५ च्या फॅकल्टी नियमांप्रमाणे चालतो, नंतर त्यात थोडे बदल झालेत.

हे एवढं का, तर बहुतेक जुनी चर्चं लिस्टेड म्हणजे संरक्षित इमारती आहेत. एरवी अशा इमारतीत काही बदल करायचा तर लोकल कौन्सिलची खास परवानगी लागते, चर्चला त्यातून सूट आहे, पण सूट अशासाठी मिळालीये की चर्चची स्वतःची तेवढीच कडक व्यवस्था आहे. म्हणजे सूट वगैरे ऐकून खूश होऊ नका. आणि पाटी बाहेरच्या भिंतीवर लावायची असेल तर कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन लागते का हे वेगळं विचारावं लागतं, ती या सुटीत येत नाही.

चर्च कॅथलिक असेल तर रस्ता वेगळा, तिथे लिस्टेड चर्चसाठी डायोसिसची हिस्टॉरिक चर्चेस कमिटी असते. आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतला तो प्रसिद्ध कवींचा कोपरा डोळ्यासमोर ठेवून हे करायला जाऊ नका, ॲबी हे पॅरिश चर्चच नाही, तिथे कोणाचं नाव लागणार ते तिथले प्रमुख, म्हणजे डीन, ठरवतात. गावच्या चर्चचं गणित निराळं आहे आणि मला विचाराल तर जास्त गोड आहे. कवी बायरन १८२४ साली गेला तेव्हा ॲबीनं त्याला आत घ्यायला नकार दिला, कारण माणसाची ख्याती तशी होती, मग त्याला नॉटिंगहॅमशरमधल्या हकनॉलच्या पॅरिश चर्चमध्ये त्याच्या घराण्याच्या तळघरात पुरलं. ॲबीत त्याच्या नावाचा दगड बसायला १९६९ साल उजाडलं. गावानं मात्र पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

'इथेच का' याचं उत्तर लिहून काढा

सगळ्या कामाचं मूळ हे आहे. चर्चच्या आत स्मारक लावायची परवानगी अपवाद म्हणूनच द्यायची असा या कोर्टांचा जुना दंडक आहे. कवी चांगला होता, लोकांना आवडतो, एवढ्यानं भागत नाही. माणसानं चर्चसाठी, गावासाठी किंवा देशासाठी असं काय केलं की त्याचं नाव या भिंतीवर पुढची दोनशे वर्षं राहावं, हा प्रश्न चॅन्सेलर विचारणार, आणि विचारायलाच हवा, नाहीतर प्रत्येक घराण्यानं आपापल्या आजोबांची पाटी लावली असती आणि भिंत उरलीच नसती. जुन्या काळी तेच झालंय म्हणा, कुठल्याही जुन्या चर्चमध्ये जा, जमीनदारांच्या संगमरवरी पाट्यांची रांग दिसेल.

कवीचं त्या जागेशी नातं बरंच वेगवेगळं असू शकतं. जॉर्ज हर्बर्ट बेमर्टनला रेक्टरच, म्हणजे तिथला पाद्रीच होता, १६३० ते १६३३, म्हणजे तिथे प्रश्नच नाही. टी. एस. एलियटची राख ईस्ट कोकरच्या सेंट मायकल चर्चमध्ये आहे, का तर त्याचे पूर्वज तिथून अमेरिकेला गेले होते आणि त्या गावाच्या नावानं त्यानं दीर्घ कविता लिहिली होती. कीट्सचा अर्धपुतळा हॅम्पस्टेडच्या पॅरिश चर्चमध्ये आहे तो १८९४ साली बसवला, आणि पैसे दिले अमेरिकन चाहत्यांनी, गंमत आहे की नाही, कवी इंग्रज, गाव इंग्रज, आणि आठवण झाली समुद्रापलीकडच्या लोकांना. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'आपण बाहेरचे, आपण कसं सुचवायचं' असा संकोच आपल्या लोकांना फार असतो. सुचवा बिनधास्त. फक्त अर्ज गावच्या लोकांच्या हातून जाऊ द्या.

आमच्या बाईंच्या बाबतीत आम्ही पहिल्यांदा दोन पानं लिहिली होती, सगळी कवितेच्या कौतुकाची. डायोसिसच्या सेक्रेटरीनं वाचून एकच ओळ परत पाठवली, यात चर्च कुठे आहे? मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की त्यांनी तीसेक वर्षं ऑर्गन वाजवला, आणि नाताळच्या कार्यक्रमात मुलं अजून जी गाणी म्हणतात त्यातली दोन त्यांचीच आहेत. आम्हाला माहीत होतं की! पण लिहायचं सुचलं नव्हतं.

आणि जे लिहाल ते तपासून घ्या, कवीच्या कवितेवर विश्वास ठेवून तर अजिबात लिहू नका. हाउसमन या इंग्रज कवीनं ह्युली गावच्या चर्चच्या उंच मनोऱ्यावर कविता केलीये, प्रत्यक्षात त्या चर्चला तसा मनोराच नाही. त्याला नावाचा नाद आवडला, बस. कवींना हे चालतं, अर्जाला नाही चालत. जन्ममृत्यूच्या तारखा दाखल्यावरून घ्या, बाप्तिस्मा किंवा लग्न याच चर्चमध्ये झालं असेल तर रजिस्टर बघा, जुनी रजिस्टरं बहुतेक काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलेली असतात. नातेवाईक हयात असतील तर त्यांना आधी भेटा. नंतर नाही, आधी. चर्चनं हो म्हटल्यावर पुतण्या उगवतो आणि म्हणतो काकूंना असलं काही आवडलं नसतं, असं झालेलं मी ऐकलंय.

किती वर्षं थांबायचं हाही प्रश्न येतो. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर लावतात त्या निळ्या पाट्यांना माणूस जाऊन २० वर्षं व्हावी लागतात. चर्चला असा एकच आकडा सगळीकडे नाही, पण गेल्याच वर्षी वारलेल्या माणसासाठी अर्ज केलात तर 'जरा थांबा' असंच ऐकायला मिळेल, आणि ते बरोबर आहे. निळ्या पाट्यांवरून आठवलं, त्यातली पहिली पाटी १८६७ साली बायरनच्या जन्मघरावर लागली आणि १८८९ साली ते घरच पाडलं. चर्चची भिंत बरी ती याचसाठी.

कागदांचा प्रवास

आधी व्हिकर आणि चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखरेख करणारे गावकरी, यांच्याशी बोला, चहा घेत घेत, कागद न काढता. मग विषय पीसीसीपुढे जातो, म्हणजे त्या चर्चची कमिटी, तिथे ठराव व्हायला लागतो आणि किती विरुद्ध किती मतं पडली ते नोंदवतात. आमच्याकडे एकजण विरोधात होता, त्याचं म्हणणं भिंत आधीच भरलीये. त्याच्याशी भांडलो नाही, उलट त्यालाच बरोबर घेऊन जागा शोधली, आणि त्यानंच शोधलेल्या जागेवर आज पाटी आहे. ही युक्ती फुकट देतोय, घ्या.

त्यानंतर डीएसी, ही डायोसिसची सल्लागार समिती, त्यात आर्किटेक्ट, जुन्या इमारतींचे जाणकार वगैरे असतात. यांच्या सेक्रेटरीला सगळ्यात लवकर फोन करा, अगदी पीसीसीच्या ठरावाच्याही आधी केला तरी चालतो. ग्रॅनाइटवाला घोळ आमचा झाला तो हा फोन न केल्यामुळेच, चकचकीत पॉलिश आणि सोनेरी अक्षरं या दोन गोष्टी जुन्या चुनखडीच्या चर्चमध्ये बसत नाहीत हे त्या बाईंनी फोनवर दोन मिनिटात सांगितलं असतं. डीएसीचा सल्ला तीन प्रकारचा असतो, शिफारस करतो, हरकत नाही, किंवा शिफारस करत नाही. हा सल्लाच आहे, निकाल चॅन्सेलर देणार, पण पहिला प्रकार मिळाला की पुढचं सोपं जातं.

अर्ज ऑनलाइन भरतात, सहसा व्हिकर आणि चर्चवॉर्डन यांच्या नावानं. सोबत काय काय लागतं, तर पाटीचं मापासकट ड्रॉइंग, दगडाचं नाव, मजकूर अक्षरन् अक्षर, जागेचे फोटो, आणि भिंतीला कशी बसवणार ते. चर्च लिस्टेड असेल तर आणखी दोन टिपणं, एक या इमारतीचं महत्त्व काय, आणि दुसरं या बदलाची गरज काय. ही दुसरी टिपणी म्हणजेच वरचं 'इथेच का', म्हणून म्हटलं ते आधी लिहून ठेवा. फोटोच्या बाबतीत एक करा, पाटीच्या मापाचा पुठ्ठा कापा, ब्लू टॅकनं चिकटवू नका, कोणीतरी हातात धरून त्या जागेवर ठेवा आणि मग फोटो काढा. आमचा पुठ्ठा धरला तेव्हा लगेच दिसलं की खांबाच्या सावलीत अर्धी पाटी जाते. दोन हात डावीकडे सरकवली.

मग जाहीर नोटीस लागते, २८ दिवस, चर्चच्या आत आणि बाहेर लोकांना दिसेल अशी. कोणाला हरकत घ्यायची असेल तर या दिवसात घेता येते. कोणी नाही घेतली तर चॅन्सेलर कागदांवरच निकाल देतात. फी असते, काही डायोसिस ती पॅरिशच्या वतीनं भरतात, विचारून घ्या. फॅकल्टी मिळाली की तिच्यात अटी आणि मुदत लिहिलेली असते, ती मुदत उलटू देऊ नका, लेटर-कटर, म्हणजे दगडावर अक्षरं कोरणाऱ्या, लोकांची वेटिंग लिस्ट मोठी असते आणि मुदत तशीच निघून जाते.

मजकूर, म्हणजे खरी मारामारी

आमच्या पहिल्या मजकुरात चौऱ्याण्णव शब्द होते. लाडक्या, ख्यातनाम, निसर्गाच्या, असं सगळं. शेवटी जे कोरलं गेलं त्यात अठरा. मधल्या काळात दोन मित्र एकमेकांशी पंधरा दिवस बोलत नव्हते.

हिशोब करून बघा म्हणजे भावना आपोआप आवरतात. समजा पाटी ६०० बाय ४०० मिलिमीटरची आहे. चारी बाजूंनी ५० मिलिमीटर मोकळं सोडायचं, ते सोडायलाच लागतं नाहीतर पाटी कोंदट दिसते. उरलं ५०० बाय ३००. दोन-तीन मीटरवरून म्हाताऱ्या माणसाला वाचता यावं म्हणून अक्षर २५ मिलिमीटर उंच धरा, ओळ ते ओळ ४०. म्हणजे बसतात सात ओळी. एका ओळीत २५ इंग्रजी अक्षरं, शब्दांमधल्या जागा धरून. नाव मोठ्या अक्षरात हवं, त्याला दोन ओळींची जागा जाते. राहिल्या पाच. त्यात कवी हा शब्द, जन्ममृत्यूची वर्षं, गावाशी नातं, आणि हवी तर कवितेची एक ओळ. विशेषणांना जागाच नाही, बरंच झालं. शिवाय लेटर-कटर बऱ्याचदा अक्षरामागे पैसे लावतो, म्हणजे 'ख्यातनाम' शब्द महाग पडतो.

नाव कोणतं? ज्या नावानं पुस्तकं छापली ते. लग्नानंतरचं नाव, टोपणनाव, पदव्या हे सगळं अर्जात लिहा, दगडावर नको.

कवितेची ओळ कोरायची असेल तर कॉपीराइट बघा. इथे कवी गेल्यानंतर ७० वर्षं, आणि ते वर्ष संपेपर्यंत हक्क चालू असतो. म्हणजे १९३६ ला गेलेल्या हाउसमनची ओळ आज कोणीही कोरू शकतो, पण १९६५ ला गेलेल्या एलियटची २०३५ संपेपर्यंत विचारूनच. प्रकाशकाला पत्र लिहिलं की बहुतेक देतात परवानगी, पाटीसाठी कोणी सहसा नाही म्हणत नाही, पण लेखी घ्या. ओळ पुस्तकातून घ्या, इंटरनेटवरून नको, स्वल्पविराम इकडचा तिकडे झालेला असतो.

चर्चच्या भिंतीवर जाणारी ओळ आहे हेही लक्षात ठेवा. कवी नास्तिक असला तर अडचण येतेच असं नाही, पण ओळच देवाला शिव्या देणारी निवडलीत तर कोण हो म्हणेल.

आणि मग प्रूफ. हे मी ओरडून सांगेन. वेस्टमिन्स्टर ॲबीत नाटककार बेन जॉन्सनच्या दगडावर त्याच्या आडनावात एक एच जास्त कोरलाय, तो स्वतः तसं लिहीत नसे, आणि तो एच आजही तिथेच आहे. तिथल्याच, लेखिका ब्रॉन्टे बहिणींच्या पाटीची गोष्ट तर अजून भारी, १९३९ ला पाटी बसली, त्यांच्या आडनावातल्या शेवटच्या इंग्रजी ई वर दोन टिंबं असतात ती राहिली, आणि ती टिंबं कोरायला २०२४ साल उजाडलं. ८५ वर्षं! ज्यांच्या शाळेत अनुस्वारासाठी मार्क कापले जायचे त्यांना याचं दुःख समजेल. तर मजकूर तीन वेगळ्या माणसांना वाचायला द्या, त्यातला एक असा की ज्याला कवितेत काडीचा रस नाही, तो अक्षरं बघतो, अर्थ नाही बघत. आणि एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक शब्द वाचा. आमच्या मजकुरात मृत्यूचं साल दहा वर्षांनी पुढे गेलं होतं, सगळ्यांनी शंभरदा वाचलेलं, आणि सापडलं ते चर्च झाडायला येणाऱ्या बाईंना.

शेक्सपिअरच्या थडग्यावरच्या दगडावर त्याचं नावच नाही, नुसता हाडं हलवणाऱ्याला शाप आहे. तुम्ही मात्र नाव लिहा.

देवनागरी ओळ हवी असेल तर

हे आपल्यासाठी खास. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी मराठीत ओव्या लिहिल्या आणि ज्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, तेही रोमन लिपीत, ते जन्मले विल्टशरमधल्या बुशटनला, म्हणजे क्लिफ पायपर्ड या पॅरिशमध्ये. समजा असल्या एखाद्या कवीच्या पाटीवर एक ओळ देवनागरीत असावी असं तुम्हाला वाटलं, चालेल का? विचारायला हरकत नाही, पण तयारीनं विचारा. कॉव्हेंट्रीजवळ एक्सहॉलच्या चर्चयार्डात एका आयरिश घरानं आईच्या थडग्यावर आयरिश भाषेत ओळ मागितली होती, चॅन्सेलरनं २०२० मध्ये सांगितलं की इंग्रजी भाषांतर सोबत हवं, घरचे अपिलात गेले आणि २०२१ मध्ये कोर्ट ऑफ आर्चेसनं भाषांतराशिवाय परवानगी दिली. ते थडगं होतं, तुमची पाटी भिंतीवरची, म्हणजे आंधळेपणानं दाखला देऊ नका, पण दुसरी भाषा म्हणजे आपोआप नकार असं राहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर भाषांतर खाली बारीक अक्षरात द्याच. कायद्यासाठी नाही, रविवारी समोर बसणाऱ्या आजींना कळावं म्हणून.

कोरणाऱ्याला मराठी येत नसणार, तर टाइप केलेला मजकूर ईमेलनं पाठवू नका. त्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, आणि त्याला बिचाऱ्याला काही चुकलंय हे दिसतही नाही. अक्षरांचं रेखाटन करून, फॉन्टचं चित्रात रूपांतर करून, पूर्ण मापाचा प्रिंट काढून द्या. शिरोरेघ कशी तुटते, रफार कुठे बसतो, हे लाल पेननं दाखवा. आणि तो कागदावर आखून देईल तेव्हा स्वतः जाऊन बघा, फोटोवर भागवू नका.

आता दगड

इकडच्या चर्चमध्ये वेल्श स्लेट फार चालते, गडद राखाडी, आणि कोरलेलं अक्षर आपोआप फिकट उठून दिसतं, रंग भरायची गरज पडत नाही. चुनखडी हवी तर पोर्टलंड किंवा हॉप्टन वुड, भिंतीत मिसळून जाते, पण अक्षर वाचायला प्रकाश तिरका पडायला लागतो, म्हणून जागा खिडकीच्या अंगानं निवडा. पितळेची पाटी दिसते छान, पण सारखी पुसावी लागते, पुसून पुसून अक्षरं झिजतात, आणि वटवाघळं. हसू नका. जुन्या चर्चमध्ये वटवाघळं असतात, त्यांच्या मुतानं पितळ आणि संगमरवर दोन्हीवर डाग पडतात, आणि त्यांना हुसकायची सोय नाही, १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. वर छतात वस्ती असेल तर ड्रिल कधी चालवायचं हेही विचारून ठरवावं लागतं.

हातानं कोरणारे लेटर-कटर शोधायला लेटरिंग आर्ट्स ट्रस्ट ही संस्था मदत करते. मशीननं स्वस्तात होतं हे खरं, पण एकदा हातानं चालणारं काम जाऊन बघाच. आमचा कारागीर आधी पूर्ण मापाच्या कागदावर पेन्सिलनं अक्षरं काढायचा, दोन अक्षरांमधली जागा मोजपट्टीनं नाही, डोळ्यानं ठरवायचा, मग दगडावर उतरवून छिन्नीनं आतल्या बाजूला दोन उतार काढायचा, मधोमध खोल रेघ. स्लेटचा बारीक भुगा उडत होता, तो मधेच फुंकर मारायचा आणि अक्षर उजळायचं. बाईंच्या नावातलं पहिलं अक्षर पुरं झालं तेव्हा आम्ही चौघं गप्प उभे होतो. चूक झाली तर? असं मी विचारलं. तो म्हणाला, नवीन दगड.

भिंतीला बसवणं

वजनाचा अंदाज घ्या, ६०० बाय ४०० ची ३० मिलिमीटर जाड स्लेट साधारण २० किलो भरते. गोंदानं चिकटवायचा विषयच सोडा. मागून स्टेनलेस स्टीलच्या किंवा फॉस्फर ब्राँझच्या सळ्या घालतात, आणि भोकं शक्यतो दगडांच्या मधल्या सांध्यात पाडतात, दगडात नाही, म्हणजे उद्या पाटी काढायला लागली तर भिंत शाबूत राहते. लोखंड वापरू देऊ नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं, जुन्या पाट्यांच्या कोपऱ्यांना तांबूस डाग आणि तडे दिसतात ते यानंच. सिमेंट पण नको, चुन्याचा मॉर्टर. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंटनं ती कोंडते आणि ओल दुसरीकडून बाहेर येते. भिंत दमट असेल तर पाटीमागे थोडी हवा खेळायला जागा ठेवतात.

अजून एक, भिंतीला पांढरा चुना दिसतोय म्हणून ती कोरी आहे असं समजू नका. खाली मध्ययुगातली चित्रं असू शकतात. म्हणून चर्चच्या आर्किटेक्टला, जो दर पाच वर्षांनी इमारत तपासतो, त्याला जागा दाखवल्याशिवाय ड्रिल आणू नका.

आत जागाच नाही म्हणाले तर बाहेरची भिंत, लडलोच्या सेंट लॉरेन्स चर्चला हाउसमनची पाटी बाहेरूनच आहे. किंवा खिडकी. हॅम्पशरमध्ये स्टीपच्या चर्चमध्ये कवी एडवर्ड थॉमससाठी १९७८ साली लॉरेन्स व्हिसलरनं काचेवर कोरून खिडक्या केल्या, सुंदर, पण काच ती काच, २०१० मध्ये एक फुटली.

लागल्यावर

अनावरणाचं मी फार सांगत नाही, व्हिकर प्रार्थना म्हणतात, कोणीतरी कविता वाचतं, पडदा ओढतात. फक्त पडद्याची दोरी आदल्या दिवशी ओढून बघा. आमची अडकली आणि शेवटी एका शाळकरी पोरीनं खुर्चीवर चढून कापड काढलं, तिथे सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

स्लेट पुसायची ती मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं, पॉलिश, व्हिनेगर, साबण काही नको, आणि हे सफाईच्या कपाटात कागदावर लिहून चिकटवा. काम पूर्ण झाल्याचा कागद डायोसिसला पाठवायचा असतो, तो चर्चवॉर्डनच्या मागे लागून पाठवून घ्या. चर्चच्या मालमत्तेच्या यादीत आणि लॉगबुकात नोंद करायला लागते, त्यात दगड कुठला, कोणी कोरला, मागे सळ्या किती आणि कुठे, हे सगळं लिहा, आणि भिंतीला लावण्याआधी पाटीच्या पाठीमागचा एक फोटो काढून त्यात ठेवा. आमच्याकडून तो फोटो काढायचा राहिला. आता पाठीमागे काय आहे ते फक्त कारागिराला माहीत, त्याला फोन करून विचारायचं अजून बाकी आहे.